सातबारा नसलेल्यांचा विकास

खानदेशातल्या पांझरा नदीच्या काठी माझे आजोबा फडाच्या शेतीत वाढले, त्यामुळे 'विकास' हा शब्द ऐकला की मला आधी आठवतो तो त्यांच्या बोलण्यातला पाटकरी: खांद्यावर फावडे टाकून पाटाच्या कडेने चालणारा, कोणाची पाण्याची पाळी झाली आणि कोणाची राहिली हे तोंडपाठ असणारा. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि खाली जमिनीचे मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असले की एखादा फड सर्वांनी मिळून पडीक ठेवायचा. पाटकऱ्याचा मेहनताना शेतकरीच देत, म्हणून त्याला जाबही तेच विचारत. सरकारी कालव्यावरचा शेतकरी अर्ज करतो. फडातला शेतकरी भांडत असे, आणि मला ते भांडण अधिक निरोगी वाटते.

याच खानदेशाच्या उत्तर टोकाला, सातपुड्यात, वेगळा हिशेब झाला. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्याने सरदार सरोवर धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. त्या बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बुडिताच्या नकाशावर आली. 1985 मध्ये जागतिक बँकेने 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. मणिबेलीसारख्या गावांनी उठायला नकार दिला, देशभर आणि देशाबाहेरही आवाज उठला, बँकेला मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली आणि 1992 मध्ये त्या समितीने पुनर्वसनाचे वाभाडे काढले. पुढच्या वर्षी भारताने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारींसाठी तपासणी मंडळ स्थापन केले. विकसनशील देश फक्त घेणारे असतात, असे मानणाऱ्यांनी हा क्रम पुन्हा वाचावा.

तरीही सगळा दोष वॉशिंग्टनमधल्या बँकेवर टाकणे मला सोयीचे वाटते, खरे नव्हे. कर्ज गेल्यावर धरण आपल्याच पैशाने 138.68 मीटरपर्यंत चढले आणि 2017 मध्ये त्याचे लोकार्पण झाले. कच्छ-सौराष्ट्रात पाणी पोहोचले, हेही नाकारता येत नाही. प्रश्न नोंदीचा होता: पिढ्यान्पिढ्या वनजमीन कसणाऱ्या आदिवासीच्या नावे सातबारा नसल्याने तो कागदावर अतिक्रमणदार ठरे, आणि जमिनीच्या बदल्यात जमीन मागण्याआधी आपण शेतकरी आहोत, हेच त्याला सिद्ध करावे लागे.

हे लिहिताना मला फडाचे कौतुक थोडे आखडते घ्यावे लागते. आमच्या घरी एक सालदार होता. रात्रीची पाळी आली की कंदील घेऊन तोच शेतात जाई आणि पहाटेपर्यंत पाणी भरी. मात्र फडाची बैठक भरली की तो बाहेर ओट्यावर बसून असे. कारण बैठकीला जमीनधारकच बसत, आणि आजोबांना त्यात कधी काही वावगे दिसले नाही.