लिक्वालाची नोंद : उन्हाळा निघाला, पोंगा उघडला

मंडळी, माझ्या कुंडीतल्या लिक्वाला पामचा मेमध्ये अडकून बसलेला पोंगा, म्हणजे न उघडलेलं नवं पान, जुलैत उघडला. पान पूर्ण गोल आहे, कुठे फाट नाही, कडेला दोन ठिकाणी नखाएवढा तपकिरी डाग. लातूरच्या उन्हाळ्यातून निघालेलं पान म्हणून मी याला फर्स्ट क्लास देतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी : झाड लिक्वाला ग्रँडिस. हा पाम पॅसिफिक महासागरातल्या व्हानुआतू आणि सॉलोमन बेटांकडचा, जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीखाली वाढणारा. व्हानुआतूच्या राजधानीत, पोर्ट व्हिलात, वर्षाला २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे ७०० झाला तरी शेतकरी बरं वर्ष म्हणतो. पान अरेका पामसारखं पिसाऱ्याचं नाही. अख्खं एकच गोल पान, देठापासून कडेपर्यंत नऊवारीच्या निऱ्यांसारख्या चुण्या. देठाला खालच्या बाजूला काटे असतात, पुसताना हात सांभाळा. वाढ अगदी सावकाश, त्यामुळे एक पान खराब झालं की ते दोष कित्येक महिने डोळ्यांसमोर राहतात. पामचं पान भरून येत नाही आणि करपलेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही.

आपल्या भागातल्या नर्सऱ्यांमध्ये आंध्रातल्या कडियमहून रोपांच्या गाड्या येतात. नांदेडवरून जाणारी गोदावरीच पुढे राजमहेंद्रीजवळ त्या गावाच्या आसपास पोचते, पण हवेचं म्हणाल तर दोन वेगळी जगं. नर्सरीवाले मामा सरळच म्हणाले होते, "सर, हे लातुरात टिकायचं नाही. अरेका न्या, नाहीतर रॅपिस." रॅपिसबद्दल (हाही घरात ठेवायचा पामच) त्यांचं खरंच आहे. ज्यांना झाडाच्या मागे लागायला वेळ नाही त्यांनी तोच घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे घरातला पाम बहुतेक वेळा कुंडीतल्या पाण्यावाचून जात नाही, हवेतल्या पाण्यावाचून जातो. टोकं वाळायला लागली की लोक पाणी वाढवतात. मुळं आधीच ओल्यात बसलेली असतात, ती कुजतात, आणि मग पानं आणखी वाळतात. मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ अंश असताना बंद खोलीत माझं आर्द्रतामापक १६ ते १८ टक्के दाखवत होतं. कुलर चालू केला आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली की तीच खोली ५०च्या आसपास येते. कोरड्या हवेत कुलर सगळ्यात चांगला चालतो, म्हणजे पामला गरज असते नेमकी तेव्हाच. हवा ओलसर करायला कुंडीखाली ठेवतात ती खडे-पाण्याची ताटली आणि फवारणीची बाटली यांच्यावर माझा विश्वास नाही. फवारा मारून खुर्चीत येऊन बसेपर्यंत पान कोरडं होतं, वर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात.

कुलरची आणखी एक गंमत बघा. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) चार आकडी दाखवतं. हे पाणी कुंडीत घातलं तर क्षार मातीत साठतात. कुलरमध्ये घातलं तर क्षार जाळीवर आणि खसवर बसतात, हवेत बाष्प तेवढं जातं. जाळीवर दगडासारखा थर चढतो, तो खरवडायचा कंटाळा येतो, पण झाडाला त्रास नाही. बाजारात मिळणाऱ्या छोट्या अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरचं उलट आहे. तो पाण्याचे बारीक थेंबच हवेत फेकतो, थेंबांबरोबर क्षारही जातात आणि पानांवर पांढरी पूड बसते. बोअरचं पाणी असेल तर त्यावर पैसे घालू नका.

कुंडी कुलरच्या झोतात नाही, बाजूच्या कोपऱ्यात. झोतात ठेवली तर एवढं रुंद पान फडफडून चुणीवरच चिरतं. आणि खोलीची हवा ओलसर झाली की पानातून पाणी कमी उडतं, कुंडी उशिरा वाळते, म्हणून मी मेमध्ये एप्रिलपेक्षा पाणी कमी दिलं. बांबूची काडी खोल खुपसायची आणि कोरडी निघाली तरच पाणी. कुलरवर आईचं मत वेगळंच : "माणसं उकाड्यानं तळमळायलेत अन् तुझ्या झाडाला कुलर व्हय!" कुलर माणसांसाठीच लावलेला असतो, झाड आपलं त्यात पाहुणं, हे तिला अजून पटलेलं नाही. तिचंही बरोबर आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे गाव.

कुंडीत घालायचं पाणी मात्र मी वेगळं ठेवतो. शेजारच्या दवाखान्याच्या एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. अडचण अशी की मेच्या कोरड्या हवेत एसीला गाळायला बाष्पच नसतं, बादलीचा तळ कसाबसा भिजतो. जूनच्या शेवटी बादल्या भरून वाहतात, तेव्हा पाऊसच असतो. म्हणून पत्र्यावरून आलेलं पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये भरून ठेवायचं (पहिल्या पावसाचं सोडून द्यायचं, त्यात वर्षाची धूळ असते). हा साठा पाम आणि कॅलॅथिया (घरातलंच दुसरं शोभेचं झाड) सोडून कुणाला मिळत नाही. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून पामला घालणारे बरेच आहेत. क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. फरशी पुसा, संडासात वापरा, कुंडीपासून लांब ठेवा.

लाल कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी बारीक कीड, यंदा होळी ते पाडव्याच्या मधे आला. हा काळ सगळ्यात वाईट. हवा तापलेली आणि कोरडी असते, पण कुलर अजून माळ्यावरच असतो. चुण्यांच्या खोबणीत खालच्या बाजूने बारीक जाळी दिसली. ओल्या सुती कापडाने प्रत्येक चुणी खालून पुसली, मग संध्याकाळी लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब. आधी एकाच पानावर मारून बघितलं. गंधक कोळ्यावर चांगलं चालतं, पण आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात पान भाजेल, मी वापरलं नाही. पुढच्या वर्षी कुलर होळीलाच खाली काढणार.

मातीबद्दल फार लिहीत नाही. काळी माती नको, एवढंच. शेतात ती सोनं आहे. कुंडीत भिजली की फुगून हवा कोंडते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. माझ्याकडे धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड.

खालचं सगळ्यात जुनं पान पिवळं पडायला लागलंय. बरेच जण विचारतात तसं मी ते कापणार नाही. पालाश (पोटॅश) कमी पडलं की पाम जुन्या पानातून काढून नव्याला देतो, ते पान आपण कापलं तर तो पुढच्या पानाला हात घालतो. पूर्ण वाळलं की बघू. शेंड्याला तर कधीच कात्री लावू नका. या झाडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की झाड गेलं.

पुढचं काम ऑक्टोबरचं. सोयाबीनची मळणी सुरू झाली की शहरातही धूळ येते आणि या चुण्यांमध्ये ती घट्ट बसते, तेव्हा आठवड्याला पुसणं आलंच. चकाकीसाठी खोबरेल तेल लावू नका, धूळ चिकटते. कुंडी आत्ता बदलायची नाही, मुळांना अडचण आवडते, पुढच्या जूनमध्ये पाहू. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे असंच लांबून गाडीत आलेलं झाड असेल त्यांनी बुंधा एकदा तपासा. माझा दोन बोटं जास्त खोल पुरलेला निघाला. वरची माती हलक्या हाताने बाजूला करत मुळं सुरू होतात तिथपर्यंत आणला आणि त्यानंतरच पोंगा हलायला लागला.