वजन भरून येताना

माझ्या भाचीला ॲनोरेक्सिया नर्व्होसासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडायला लावणाऱ्या मानसिक आजारासाठी, पुण्यातल्या एका रुग्णालयात दाखल केले, तेव्हा तिला पोटभर खाऊ घातले की झाले, अशीच घरातल्या बहुतेकांची समजूत होती. वहिनी कोथरूडहून साजूक तुपातला शिरा घेऊन आल्या. आहारतज्ज्ञांनी तो हळुवारपणे बाजूला ठेवला आणि दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न देणे किती धोक्याचे असते, हे आम्हाला समजावून सांगितले. अन्न मिळू लागताच इन्शुलिन वाढते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते, आणि त्यांची पातळी फार घसरली तर हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. म्हणून आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व), वरचेवर रक्ततपासणी आणि देखरेखीखाली वाढत जाणारा आहार.

वजन वाढू लागले तसा आमचा जीव भांड्यात पडला, पण तिचा खरा त्रास तेव्हाच सुरू झाला. जठराचे काम मंदावलेले असल्यामुळे चार घासांतच पोट गच्च होई, आणि शरीर पाणी धरून ठेवत असल्यामुळे पावले सुजत. ही सूज म्हणजे चरबी नव्हे, हे सिस्टर तिला न कंटाळता सांगत. तिचे वजन काट्याकडे पाठ करून घेतले जाई. समोर वरणभाताची वाटी आली की तिचे डोळे भरून येत, आणि सिस्टर शेजारी बसून शेवटच्या घासापर्यंत कॉलेजच्या गप्पा मारत. औषधोपचारात याची नोंद होत नाही, पण मला ते फार मोलाचे वाटते.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये संशोधक ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना अर्धपोटी ठेवून पाहिले, तेव्हा त्या धडधाकट माणसांनाही अन्नाचाच ध्यास लागला आणि अनेकांना उदासीने घेरले. मनाचा काही ताठरपणा उपासमारीतूनच येतो, म्हणून वजन भरून येणे हा मनाच्याही उपचाराचा पाया आहे. मात्र मनाला सावरायला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

नातेवाईक प्रेमानेच म्हणाले, ‘किती छान भरलीस गं!’ त्या रात्री तिने दुधाला हात लावला नाही.

आता ती घरी आली आहे, मानसोपचार आणि आहाराचा तक्ता चालू आहे, आणि संकष्टीचे उपास डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद आहेत, हे आजींनीही मनापासून मान्य केले आहे. गणपतीला आमच्याकडे याल, तेव्हा तिच्या तब्येतीवर काही बोलू नका आणि मोदक किती खाल्लेस, असेही विचारू नका. आरतीला तिला शेजारी उभी करून घ्या.