सोन्याची हजेरी

महिन्यातले दोन शनिवार मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी असते. शुक्रवारी ऑफिस सुटलं की पुण्याहून गाडी धरायची. शनिवारी सकाळची शाळा असते. प्रार्थनेचे सूर येतात तेव्हा मी सोन्याच्या ओट्यावर बसलेली असते. सोन्या हे त्याचं पटावरचं नाव नव्हे. त्याच्या आजी तशी हाक मारतात, म्हणून मीही मारते.

सोन्या नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे हालचालींवर ताबा राहत नाही. पाय एकमेकांत अडकतात, मान सावरायला वेळ लागतो, शब्द फुटत नाहीत. "पर समदं कळतंय त्याला, ताई," आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या. 'हो' म्हणायचं असलं की तो डोळे वर नेतो, 'नाही' असलं की घट्ट मिटतो. हे मला आजींनीच शिकवलं.

मग आम्ही एका पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवली. पाणी, भाकरी, दुखतंय, शू, आई, शेळी. आईवडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून आईचं चित्र मधोमध. पहिल्या दिवशी त्याची मूठ सारखी शेळीवर जात होती. मला वाटलं, हात ताठरतोय म्हणून पडतेय तिथे. मी तीनदा मूठ उचलून पाण्यावर ठेवली, तीनदा त्याने डोळे मिटले. शेवटी आजी उठून मागे गेल्या. शेळी दावं तोडून शेजारच्या मक्यात शिरली होती. ओट्यावरून ती एकट्या सोन्याला दिसत होती. त्या दिवसापासून मी त्याचा हात हलवत नाही.

पुण्यात माझ्या सहकारी मैत्रिणीची मुलगी याच वयाची, दुखणंही हेच. तिला न्यायला व्हॅन येते, शाळेतच फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार होतात, खुर्ची तिच्या मापाची आहे. तिच्या आईलाही कमी चकरा पडल्या नाहीत. एका शाळेने तर "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलं होतं. पण पुढची शाळा रिक्षाच्या अंतरावर होती. सोन्याच्या गावात पुढची शाळाच नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शाळा घराजवळची हवी की विशेष, हेही त्यानेच निवडायचं. तीव्र दिव्यांगत्व असेल तर घरी शिकण्याची मुभा २०१२ पासून शिक्षण हक्क कायद्यातही आहे. सोन्याचं नाव त्याच वाटेने पटावर आलं. विशेष शिक्षिका मनापासून करतात, पण त्यांच्याकडे गावंच इतकी की महिन्यातून एखाद-दोन वेळाच येणं होतं. शाळा घरापासून तीनशे पावलांवर आहे, आणि तो तिथे कधी गेलाच नव्हता. जायला वाट असेल तरच घरी शिकणं ही निवड म्हणायची. नाहीतर ते नुसतं घरी राहणं आहे, आणि याचा मला मनापासून राग येतो.

गेल्या शनिवारी गुरुजींना विचारून आम्ही त्याला नेलं. कडेवर घेऊन तीन पायऱ्या चढताना मला धाप लागली. तो भिंतीला टेकून बसला, मागून माझे गुडघे. गुरुजींनी हजेरी घेतली, त्याचं नाव आलं. सोन्याने डोळे वर नेले. वर्ग गप्प. मग शेजारची पोरगी म्हणाली, "गुरुजी, हजर म्हणतोय त्यो. डोळं बघा की."

चाळीस मिनिटं बसला. नंतर मान कलंडायला लागली, तरी घरी निघायचं म्हटल्यावर त्याने डोळे घट्ट मिटले.

खुर्चीचं माप सुतळीला गाठी मारून घेतलंय. गुडघ्यापासून टाचेपर्यंत एक गाठ, बसायच्या जागेची दुसरी, काखेपर्यंत तिसरी, पट्ट्यासाठी. सुतारकाका म्हणाले, पुढच्या खेपेपर्यंत करून ठेवतो. पायऱ्यांवरच्या उतारासाठी गुरुजी सरपंचांशी बोलणार आहेत. तोवर कडेवरच.