दोमोनसानच्या गावी

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं निइगाता सोडून तास झाला असेल नसेल, गाडी एका बारक्या स्टेशनात थांबली ती थांबलीच. डावीकडे समुद्र असा खवळलेला, की फेसाचे गोळे उडून खिडकीवर येत होते. वाऱ्याचा जोर ओसरेपर्यंत गाडी हलणार नाही, अशी घोषणा झाली. डब्यात कुणी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या आजींनी पिशवीतून संत्रं काढलं, सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "नोव्हेंबरात इकडे असंच असतं बघ." २००५ च्या डिसेंबरात याच मार्गावर, साकाताच्या जरा अलीकडे, वादळी वाऱ्याने अख्खी गाडी रुळांवरून खाली घातली होती. पाच जीव गेले. त्यामुळे इथे वाऱ्याशी कुणी हुज्जत घालत नाही.

मी निघाले होते यामागाता प्रांतातल्या साकाता या बंदराच्या गावी, दोमोन केन या फोटोग्राफरचे फोटो बघायला. जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी. केन म्हणजे मूठ, आणि माणूस नावाला जागला.

त्याची माझी ओळख तशी शेजारधर्माची. मी तोक्योत निशी-कासाईला राहते. निम्मं पुणं तिथंच येऊन राहिलंय, असं आम्ही आपसांत म्हणतो. रोज सकाळी तोझाई या भुयारी रेल्वेच्या गर्दीत उभी राहून मी कोतो वॉर्डाखालून ऑफिसला जाते. तोयोचो, किबा, मोन्झेन-नाकाचो. दोन वर्षांपूर्वी जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड फोटोंचं पुस्तक चाळत होते, तर त्यात हाच कोतो वॉर्ड. १९५०च्या दशकातला. गल्लीत पोरं तलवारी समजून काठ्या घेऊन एकमेकांवर धावताहेत, डोक्याला फडकी गुंडाळलेली, एकाच्या नाकाला शेंबूड. आमच्या गावात दूरदर्शनवर महाभारत लागायचं, तेव्हा रविवारी दुपारी आम्ही खराट्याच्या काड्यांचे बाण करून हेच करायचो. दुकानदाराने दोनदा घसा खाकरला तेव्हा मी भानावर आले. पुस्तक परवडणारं नव्हतं. फोटो काढणाऱ्याचं नाव तेवढं लिहून घेतलं: दोमोन केन.

साकाताला पोचले तेव्हा दीड तास उशीर झालेला. स्टेशनबाहेर टॅक्सी केली. ड्रायव्हर सत्तरीचे, पांढरे हातमोजे घातलेले. "दोमोनसानकडे ना?" त्यांनी विचारलं, जणू माणूस घरी चहा टाकून वाट बघत बसलाय. मोगामी नदीवरच्या पुलावर त्यांनी गाडी हळू केली. खाली पाण्यात पांढरे ठिपके डुलत होते. सैबेरियातून आलेले हंस. थंडीत ते इथे हजारोंनी उतरतात. उत्तरेला चोकाई पर्वत, २,२३६ मीटरचा, पण त्या दिवशी त्याची फक्त कंबर दिसली. वर सगळे ढग. उतरताना मी पैसे दिले तर ते म्हणाले, "मोक्के दा नो." इकडच्या बोलीत आभार असे मानतात. चौदा वर्षं जपानी शिकतेय, हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडला.

संग्रहालय गावाबाहेर इइमोरी टेकडीच्या पायथ्याशी, तळ्याकाठी आहे. लांबट, बुटकं, राखाडी. एक टोक पाण्यात उतरल्यासारखं. १९८३ साली ते उघडलं, आणि केवळ छायाचित्रांसाठी बांधलेलं जपानमधलं हे पहिलं संग्रहालय. इमारत तानिगुची योशिओची, ज्याने पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाचा विस्तार केला. अंगणातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या पाण्यात दगडी शिल्प उभं आहे ते इसामु नोगुचीचं, नावच 'दोमोनसान'. एक बाग तेशिगाहारा हिरोशीची. नोगुची, तेशिगाहारा ही दोमोनची दोस्तमंडळी. मित्राच्या घरचं कार्य असल्यासारखी प्रत्येकाने काही ना काही उचलून आणलेलं.

दोमोनचा जन्म इथलाच, १९०९ चा. घरची परिस्थिती ओढगस्तीची. तो सहा-सात वर्षांचा असताना आईबाप पोटासाठी तोक्योला गेले. चित्रकार व्हायचं होतं, जमलं नाही. १९३३ मध्ये एका स्टुडिओत उमेदवारीला राहिला, १९३५ मध्ये 'निप्पोन कोबो' या संस्थेत शिरला. जगाला जपान नटवून-सजवून दाखवणारं देखणं मासिक ती काढायची, आणि पुढे सरकारी प्रचाराच्या दावणीला बांधली गेली. तिथून तो १९३९ मध्ये बाहेर पडला. युद्धाच्या काळात ओसाकाला जाऊन बुनराकूच्या कठपुतळ्यांचे फोटो काढत बसला.

युद्धानंतर मात्र हा माणूस पेटला. वास्तववाद म्हणजे वास्तववाद: मांडणी नको, पोज नको, दिसलं ते टिपा. एका कॅमेरा-मासिकात वाचकांचे फोटो तपासता तपासता त्याने देशभरच्या हौशी फोटोग्राफरांना हे असं काही पढवलं, की जो तो रस्त्यावरचे भिकारी टिपत सुटला. त्या फोटोंना लोक 'भिकारी-फोटो' म्हणून हिणवू लागले. शेवटी या चळवळीचा पहिला टप्पा संपला, असं त्यालाच जाहीर करावं लागलं. मला हे वाचून हसू आलं. स्वतः मात्र तो माणसांचे चेहरे टिपायचा तेव्हा समोरच्याचा अंत बघायचा. १९४१ मध्ये उमेहारा र्युझाबुरो या बड्या चित्रकाराला त्याने इतका वेळ ताटकळत ठेवलं, की म्हाताऱ्याने बसलेली वेताची खुर्ची उचलून जमिनीवर आपटली. तरी दोमोन कॅमेऱ्यात फोटोची पुढची काच भरतोय. 'दिसलं ते टिपा' म्हणणाऱ्याने समोरच्याला इतकं छळावं, हे कुठल्या वास्तववादात बसतं? पण फोटो बघितला की वाद घालावासा वाटत नाही. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांत आग.

पुढच्या भिंतीवर हिरोशिमा. १९५७ च्या जुलैत तो तिथे गेला, बॉम्ब पडून बारा वर्षं झाल्यावर. आपण हिरोशिमा विसरलो होतो असंही नाही, मुळात आपल्याला काही ठाऊकच नव्हतं, अशी कबुली त्याने पुस्तकात दिली. मग जणू तो उशीर भरून काढायला तो शस्त्रक्रियेच्या खोलीत शिरला. भाजलेली कातडी काढून तिथे दुसरी शिवताना अगदी टाक्यापर्यंत जवळ. मी दोन फोटो पाहिले आणि तिसऱ्याला बाकावर जाऊन बसले.

मी ज्याच्यासाठी आले होते तो फोटो पलीकडच्या भिंतीवर होता.

चिकुहो हा क्यूशूतला, फुकुओका प्रांतातला कोळशाचा पट्टा. १९५०च्या दशकाच्या शेवटी कोळशाची जागा तेलाने घेतली, खाणी धडाधड बंद पडल्या, आणि खाणकामगारांच्या चाळींत चुली पेटेनात. १९५९ च्या डिसेंबरात दोमोन तिथे गेला. दोनेक आठवडे राहिला. गाळाच्या डोंगरांवर कोळशाचे तुकडे वेचणारी पोरं, आई नसलेल्या घरात बापाची वाट बघणाऱ्या दोघी बहिणी. जानेवारी १९६० मध्ये पुस्तक हातात! साध्या खरबरीत कागदावर छापलेलं, किंमत १०० येन. ज्यांच्याबद्दल आहे त्यांनाही विकत घेता यावं म्हणून. लाखभर प्रती खपल्या. काचेच्या पेटीत ती प्रत ठेवली आहे. पिवळी, कडा चुरगळलेली. आपल्याकडे जत्रेत व्रतकथांच्या पोथ्या मिळतात ना, साधारण तो कागद.

तर तो फोटो. वर्ग आहे, जेवणाची सुट्टी. मुलं डबे उघडून खाताहेत. आणि त्यांच्यामध्ये डबा न आणलेली मुलं चित्रांचं पुस्तक चेहऱ्यासमोर उघडं धरून बसलीत. वाचत नाहीयेत. पुस्तक आडोशाला धरलंय, आपल्याला दुसऱ्याचं ताट दिसू नये म्हणून, आणि आपण दुसऱ्याला दिसू नये म्हणून.

मी बराच वेळ उभी होते. मग जाणवलं, की मी त्या पुस्तकवाल्या मुलांकडे बघतच नाहीये. मी जेवणाऱ्यांकडे बघतेय. मान खाली, चॉपस्टिक्स तोंडाकडे, नजर डब्यात रुतलेली. आमच्या शाळेत, खटाव तालुक्यात, माझ्या बाकावरची मुलगी मधल्या सुट्टीत हापशावर जायची आणि घंटा होईपर्यंत परत यायची नाही. तिला तहान फार लागते, असं आम्ही म्हणायचो. माझा डबा वर्गात सगळ्यांत जड असायचा. मी तो रोज चाटूनपुसून संपवायचे. अशीच, मान खाली घालून.

त्या चिकुहोच्या कामानंतर लगेचच दोमोनला मेंदूतल्या रक्तस्रावाचा पहिला झटका आला. पन्नाशीत. उजवी बाजू कमजोर, छोटा कॅमेरा हातात स्थिर राहीना. मग त्याने तिकाटण्यावरचा मोठा कॅमेरा धरला, मदतनीस घेतले आणि देवळांकडे वळला. जुन्या मंदिरांच्या यात्रेचे पाच खंड, १९६३ ते १९७५. मधेच १९६८ मध्ये दुसरा झटका, पाय गेले, चाकांची खुर्ची आली. लोक म्हणतात, गरिबांचे फोटो काढणारा शेवटी देवधर्माला लागला. मला नाही तसं वाटत. बुद्धाच्या पायाचा अंगठा, लाकडाची चीर, पापणीची कड, हे तो त्याच हावरेपणाने बघतो, ज्या हावरेपणाने त्याने पोराच्या गालावरची काजळी बघितली. मूर्तीही पळत असते, तिला पकडावी लागते, असं तो म्हणायचा.

नारा प्रांतातलं मुरोजी हे त्याचं लाडकं देऊळ. १९३९ मध्ये पहिल्यांदा गेला, मग जातच राहिला. एकच फोटो मिळत नव्हता: बर्फातलं मुरोजी. १९७८ च्या मार्चमध्ये, थंडी सरत आलेली असताना, देवळासमोरच्या हाशिमोतोया या खानावळवजा धर्मशाळेत तो बर्फाची वाट बघत मुक्काम ठोकून राहिला. एका सकाळी मालकीणबाईंनी खिडकी उघडली तर बाहेर पांढरं. दोघांनी एकमेकांचे हात धरले आणि रडले म्हणतात. त्याला खुर्चीसकट उचलून नेलं. खालून वर, दगडी पायऱ्या आणि त्यावर सोनेरी मंडपाचं छत, सगळ्यावर हलका बर्फ. कुणाचंही पाऊल नाही. मी मे महिन्यात त्याच पायऱ्यांपाशी उभी राहिले होते. गुलाबी फुलं डवरलेली, आणि फोटोसाठी रांग लावलेली शंभर माणसं.

पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, तिसरा झटका. शुद्ध गेली ती परत आलीच नाही. १९९० मध्ये गेला, अकरा वर्षं तसाच पडून. म्हणजे आपलं सगळं काम गावाला देतो म्हणून १९७४ मध्ये सांगून ठेवलेल्या या माणसाने हे संग्रहालय बघितलंच नाही. इथे फीत कापली, मित्रांनी आणलेले दगड आणि पाणी जागेवर लागलं, तेव्हा तो तोक्योत बेशुद्ध होता. आज इथे त्याची एक लाखाहून जास्त छायाचित्रं जपून ठेवली आहेत.

पाच वाजत आले, दिवे मंदावले. बाहेर अंधार आणि तोच वारा. स्टेशनजवळ वानतान, म्हणजे पिठाच्या पातळ पारीच्या पुरचुंड्या, घातलेलं रामेन खाल्लं. वानतान इतके पातळ की वाटीचा तळ दिसत होता. मग मुक्कामाच्या खोलीवर येऊन आईला फोन लावला. तिकडे दुपार, ती भात निवडत बसलेली.

म्हटलं, "आई, माझ्या बाकावर बसायची ती मुलगी आठवते का गं? हापशावर जायची ती."

"न आठवायला काय झालं? नाकीडोळी नीटस होती पोर," आई म्हणाली. "तिच्यासाठीच तर मी तुझ्या डब्यात रोज दोन भाकरी जास्तीच्या घालत होते."