तुम्ही विचारलंत म्हणून: पाटीवर अजून सुभेदार कशाला?

गेटवरची पाटी बघितली की लोक विचारतातच, लष्करातून रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, आता नावाआधी सुभेदार कशाला, वाळपईत कोण सॅल्यूट मारणार आहे तुम्हाला? विचारणाऱ्यांत आमचा मेव्हणा पहिला. म्हणून लिहूनच टाकतो एकदाचं.

आमच्या गोव्यातली आडनावं बघा, देसाई, सरदेसाई, कुळकर्णी, सगळी वतनं, खापरपणजोबाच्या पुण्याईवर चाललेली, आणि त्यांना कोण विचारत नाही की बाबा सध्या तू कुठली देशमुखी सांभाळतोस म्हणून. आम्ही मुंडकार. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर. 1975 चा कायदा आला, घरातून काढायची भीती गेली, पण कायद्याने हाक बदलत नाही ना, भाटकाराचं शाळेत जाणारं पोरगंसुद्धा माझ्या वडिलांना अरे-तुरे करायचं आणि वडील ‘होय बाब’ म्हणत उठून उभे राहायचे.

मी भरती झालो मराठा लाइट इन्फंट्रीत. सेंटर बेळगावला, रेजिमेंटची सगळ्यात जुनी पलटण 1768 ची. ट्रेनिंगचं काय सांगू, सगळे रंगरूट रडतात तसा मीपण रडलो. पण ट्रेनिंग संपल्यावरच्या कसम परेडला वडील अनमोड घाटातून बस बदलत बदलत आले, धुतलेला सदरा घालून, आणि मंडपाच्या कडेला खांबाला टेकून उभे राहिले. आम्हाला ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांनी बघितलं. स्वतः खुर्ची उचलून आणली, ‘बसा बाबा, तुमच्याच पोराची परेड आहे.’ वडील बसले, पण अगदी कडेवर, कोण तरी उठवेल म्हणून तयारीतच.

तिथून शिपाई, लान्स नायक, नायक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार. प्रत्येक फितीमागे कॅडर म्हणजे बढतीचा कोर्स, परीक्षा, साहेबांचा रिपोर्ट आणि जागा रिकामी होण्याची वाट. ह्यातलं एकपण बापाच्या नावावर मिळत नाही.

कारगिलला होतात का, हा पुढचा प्रश्न. नव्हतो, आमची पलटण तेव्हा दुसरीकडे होती, आणि हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. सियाचीन ग्लेशियरवर मात्र होतो. उणे 40 मध्ये रायफलला उघडा हात लागला तर कातडं चिकटून येतं, चालताना सगळे एका दोरीत बांधलेले, पुढचा बर्फाच्या भेगेत गेला तर मागच्यांनी ओढायचा. गोव्याच्या पोराला, ज्याने घरी कधी स्वेटर बघितला नाही! तिथे दोरीला कोण भाटकार आणि कोण मुंडकार हे काय कळत नाही.

मेव्हण्याने तेव्हा मायनिंगवर ट्रक लावलेले, पैसा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त केला, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा ते ट्रक तसेच अंगणात उभे राहिले. हसलो नाही मी, कर्जाचे हप्ते होते त्याचे. आणि मला पेन्शन आहे, कँटीनचं सामान आहे, बरं चाललंय. पण पाटी त्यासाठी नाही लावलेली. परवा त्याच भाटकाराच्या घरातला एक जण कसल्या तरी फॉर्मवर सही करून घ्यायला आला, ‘सुभेदार साहेब आहेत का’ म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वडील असायला हवे होते.

आता गावातली पोरं अग्निवीरचं विचारायला येतात, 4 वर्षांनी 25 टक्केच ठेवतात, मग जाऊ की नको. मला ती स्कीम फार पटलेली नाही, तसं तोंडावर सांगतो. तरीपण जायचंच म्हणाला तर सांगतो, उद्या पहाटे ये, 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावून दाखव, बाकीचं मग बोलू.