विल्यम्स नदीकाठी तीन रात्री: वेस्ट व्हर्जिनियातला मोफत रानमुक्काम

माझे वडील, आप्पा, या उन्हाळ्यात नारायणगावहून आमच्याकडे अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नला आले. पहिल्या पंधरा दिवसांत वॉशिंग्टनमधली स्मारकं आणि म्युझियमं पाहून झाली. मग एका संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, “पोरी, इथं कुठं ओढ्याकाठी मुक्काम करता येतो का गं? हरिश्चंद्रगडाला जायचो तसा?”

येतो. आणि त्याला पैसेही पडत नाहीत. इतकी वर्षं इथे राहूनही आपल्या मंडळींपैकी फार कमी जणांना हे माहीत असतं, म्हणून हा वृत्तांत जरा सविस्तर लिहिते आहे.

नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॅशनल फॉरेस्ट म्हणजे कृषी खात्याखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असलेली सरकारी जंगलं; देशभरात मिळून साधारण 19.3 कोटी एकर. त्यातल्या बऱ्याच भागात, जिथे मनाईचा फलक नाही तिथे, आखलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर रानात तंबू ठोकायला मुभा असते. बुकिंग करावं लागत नाही आणि बहुतेक ठिकाणी फीही नसते. याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे नळ, वीज, संडास, कचरापेटी यातलं काहीच नसतं. असते ती आधीच्या लोकांच्या वापराने रुळलेली सपाट जागा, दगडांची चूल, आणि नशीब असेल तर शेजारी वाहतं पाणी.

आम्ही निवडलं वेस्ट व्हर्जिनियातलं मोनोंगाहेला नॅशनल फॉरेस्ट, आणि त्यातला विल्यम्स नदीचा काठ. नदी म्हणतात, पण वरच्या अंगाला ती आपल्याकडच्या मोठ्या ओढ्याएवढीच आहे: गुडघाभर पाणी, गोल धोंडे, दोन्ही बाजूंना रोडोडेंड्रॉनची गच्च झाडी. जंगल नऊ लाख एकरांहून मोठं आहे. आज इतकं दाट दिसतं, पण शंभर वर्षांपूर्वी हे डोंगर लाकूडतोडीने जवळजवळ बोडके झाले होते. 1911 च्या वीक्स कायद्याने सरकारला नद्यांच्या उगमाकडच्या जमिनी विकत घेता आल्या, आणि 1920 मध्ये हे राष्ट्रीय जंगल जाहीर झालं. लाकूड वाहणाऱ्या जुन्या रेल्वेच्या वाटांवरूनच आज बरेचसे ट्रेल जातात. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एका झाडाच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ वर पाहिलं.

ॲशबर्नहून थांबत-थांबत साडेपाच तास लागले. इंटरस्टेट 66, मग 81, आणि लेक्सिंग्टनजवळून डोंगरात शिरणारा 39 नंबरचा रस्ता. हा रस्ता सुंदर पण वळणावळणाचा आहे. मुलांना गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या. मार्लिंटन हे शेवटचं गाव. पेट्रोल, बर्फ, सरपण, सगळं इथेच घ्या, पुढे काही नाही. तिथून 219 ने उत्तरेला जाऊन हायलँड सीनिक हायवेला लागायचं आणि टी क्रीकची पाटी दिसली की खाली नदीकडे उतरायचं. खालचा फॉरेस्ट रोड 86 कच्चा आहे. आमची साधी सेडान हळूहळू नेली तर व्यवस्थित गेली. हिवाळ्यात मात्र वरच्या हायवेवरचा बर्फ काढत नाहीत, तेव्हा तिकडे जाऊ नका.

गुरुवारी दुपारी पोहोचलो, म्हणून जागा मिळाली. शुक्रवारी दुपारनंतर एकेक गाडी रिकाम्या जागा शोधत पुढे जाताना आम्ही पाहिली. नदीकाठच्या जागांना नंबराचे खांब आहेत. जो आधी येईल त्याची जागा. आम्ही गेलो तेव्हा फी नव्हती, तरी निघण्याआधी मार्लिंटनच्या किंवा रिचवुडच्या रेंजर ऑफिसला फोन करा. कुठली जागा बंद आहे, चूल पेटवायला बंदी आहे का, रस्ता वाहून गेलाय का, हे त्यांच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगत नाही. एका जागी सलग राहायची मर्यादा साधारण 14 दिवसांची असते.

आता आमची चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये.

जागेचा वरचा भाग झाडाखाली होता आणि खालचा भाग नदीला लागून, वाळू-गोट्यांचा, सपाट. ओवी (आमची मुलगी, वय नऊ) म्हणाली पाण्याजवळ झोपू, आणि मी हो म्हटलं. आप्पा म्हणाले, “इथं नको, ही पाण्याची जागा आहे.” मी म्हटलं, “आप्पा, आकाश निरभ्र आहे, एक रात्र काढू, उद्या हलवू.” ते पुढे बोलले नाहीत.

रात्री अडीचच्या सुमाराला त्यांनी मला आणि महेशला (माझ्या नवऱ्याला) हलवून जागं केलं. “महेशराव, उठा. पाण्याचा आवाज बदललाय.” मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. कान देऊन ऐकलं तेव्हा लक्षात आलं की संध्याकाळी धोंड्यांवरून जाणारं पाणी वेगवेगळ्या सुरांत वाजत होतं, ते आता एकाच जाड आवाजात वाहत होतं, कारण धोंडे बुडाले होते. आमच्यावर एक थेंबही पडला नव्हता. पाऊस वर कुठेतरी डोंगरात झाला असणार. ओवीला झोपलेलीच उचलून गाडीत ठेवलं, तंबूच्या खुंट्या उपटल्या आणि सामानासकट तो ओढत वर नेला. उजाडल्यावर पाहिलं तर पाणी मातकट होतं, आणि आमचा तंबू होता त्या जागेच्या वीतभर अलीकडेपर्यंत चढून ओसरल्याची ओली रेघ वाळूवर होती.

कदाचित आणखी चढलं नसतंच. पण या डोंगरांत 23 जून 2016 ला आलेल्या पुराने राज्यात 23 माणसं गेली, आणि इथून जवळच्या रिचवुड गावाचं फार मोठं नुकसान झालं. अरुंद दऱ्यांमधलं पाणी बघता बघता चढतं. म्हणून जागा निवडताना आधी झुडपांत अडकलेला पालापाचोळा आणि काटक्या किती उंचीवर आहेत ते पाहा; मागचं पाणी तिथवर आलं होतं. त्याच्या वरच झोपा. आप्पांनी हे त्या दुपारीच पाहिलं होतं. मी त्यांचं ऐकायला हवं होतं.

खाली पाहून झालं की डोक्यावरही पाहा. एका किड्यामुळे इकडची ॲशची झाडं मोठ्या प्रमाणावर मेली आहेत, हेमलॉकही दुसऱ्या एका किडीने वाळतायत. अशी उभी वाळलेली झाडं वाऱ्याशिवायही पडतात. त्यांच्या टप्प्यात तंबू लावू नका. याच किड्यांमुळे घरून सरपण आणायचं नाही. गावात विकत घ्या, किंवा जमिनीवर पडलेलं वाळकं लाकूड वेचा. उभ्या झाडाला हात लावायचा नाही.

चूल आधीचीच वापरा, नवी मांडू नका. भोवतालचा दहा फुटांचा पाचोळा आम्ही झाडून काढला. लाकडं ओली होती, तर आप्पांनी एक ओंडका चिरून आतलं कोरडं लाकूड काढलं, त्याच्या बोटाएवढ्या चिरफळ्या केल्या आणि एका काडीत जाळ धरला. विझवताना मात्र त्यांची पद्धत आम्ही बदलली. नुसती माती टाकून चालत नाही, आत निखारा राहतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि राखेला हात लावता येईपर्यंत जागा सोडू नका.

आंघोळ, भांडी आणि परसाकडे जाणं: या तिन्ही गोष्टी नदीपासून 200 फूट लांब, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 80 पावलं. हा आकडा मी सगळ्यांना पाठ करायला लावला होता. परसाकडे जाताना हातखुरपं घेऊन 6 ते 8 इंच खोल खड्डा खणायचा, नंतर मातीने बुजवायचा. कागद पिशवीत घालून परत आणा. हे ऐकायला अवघड वाटतं, पण दुसऱ्या दिवशी सवय होते. ज्यांना हे अगदीच नको असेल त्यांनी जवळच्या टी क्रीकच्या पैसे भरायच्या कॅम्पग्राउंडमध्ये राहावं. तिथे संडास आहेत.

भांड्यांचं आपल्या स्वयंपाकात विशेष आहे. हळद आणि तेल लागलेली कढई नदीत बुडवायची नाही, साबण कितीही निसर्गस्नेही असला तरी. आम्ही भांडी आधी कागदाने पुसली, मग बादलीत पाणी लांब नेऊन धुतली आणि ते पाणी जमिनीवर पसरून टाकलं. पहिल्या रात्री पिठलं-भात केला, नंतरचे दोन दिवस दशम्या, मेतकूट-भात आणि घरून परतून नेलेला उपम्याचा रवा. फोडणीचा वास रानात किती लांब जातो ते तिथे समजतं. या जंगलात काळी अस्वलं भरपूर आहेत. ते या राज्याचं मानाचं जनावर आहे. त्यामुळे अन्न, मसाल्याचा डबा, कचरा, टूथपेस्ट, खोबरेल तेल, सगळं रात्री काचा बंद केलेल्या गाडीत. तंबूत एक बिस्किटही नको. ओवीच्या खिशात शेंगदाण्याची चिक्की सापडली, तीही गाडीत गेली. अस्वल आम्हाला दिसलं नाही.

पिण्याचं पाणी घरून वीस लिटर नेलं होतं. ते संपल्यावर नदीचं पाणी फिल्टरने गाळून, वर एक मिनिट खळखळून उकळलं. पाणी काचेसारखं दिसलं तरी तसंच पिऊ नका. जिआर्डिया या पाण्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे कित्येक आठवडे पोट बिघडू शकतं. पाणी मातकट झालं असेल तर भांड्यात भरून तासभर निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो.

गोचिडीचं लिहायचं राहिलं. लाइम आजार पसरवणारी गोचीड इथे आहे आणि ती तिळाएवढी असते. फुलपँट मोज्यात खोचा आणि रोज संध्याकाळी अंग तपासा, मुलांच्या कानामागे आणि केसांत विशेष. ओवीच्या पोटरीवर एक सापडली, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढली. काही झालं नाही, पण तपासलं नसतं तर कळलंच नसतं.

फोनला रेंज नाही. याचं एक कारण दऱ्या, दुसरं फार छान आहे. जवळच ग्रीन बँकला 100 मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्यासाठी 1958 पासून या सगळ्या टापूत रेडिओलहरींवर निर्बंध आहेत. हे ऐकल्यावर आप्पा खूश झाले. “म्हणजे आपल्या खोडदसारखंच की!” खोडदचा महाकाय रेडिओ दुर्बीण प्रकल्प, 45 मीटरच्या तीस तबकड्या, आमच्या गावाच्या शेजारीच. शनिवारी ग्रीन बँकला गेलो. ते त्या एकट्या पांढऱ्या तबकडीसमोर कितीतरी वेळ उभे होते आणि ओवीला खोडदच्या तबकड्या कशा वळतात ते दोन्ही हातांनी दाखवत होते. तुम्ही जाल तेव्हा नकाशे फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, कागदी नकाशाही घ्या, आणि घरच्या कुणाला तरी कुठे आहात, कधी परतणार ते सांगून निघा. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने घेणं मला आवश्यक वाटतं.

जून असूनही रात्री पारा 11 अंशांपर्यंत उतरला. आप्पांसाठी जाड गादी, दोन रजया आणि कानटोपी नेली होती म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी ओवी पात्रात दगडांवर दगड रचत होती. मी तिला थांबवलं आणि एक चपटा दगड अलगद उचलून दाखवला. खाली बोटाएवढा सॅलमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी, तपकिरी, ओला, डोळे बाहेर आलेले. तो एक क्षण थिजला आणि शेजारच्या दगडाखाली सरकला. हे डोंगर सॅलमँडरच्या विविधतेसाठी जगात प्रसिद्ध आहेत. त्यांची घरं म्हणजे हेच दगड. दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवला. पुढचे दोन दिवस ती पाण्यात पाय कुठे ठेवायचा ते बघून चालत होती.

वेळ असेल तर क्रॅनबेरी ग्लेड्स चुकवू नका. अर्ध्या मैलाची लाकडी वाट दलदलीवरून जाते, आणि कास पठारावर दिसणाऱ्या दवबिंदूच्या कुळातली कीटकभक्षी रोपटी तिथे आहेत. ती फार लहान असतात. वाकून शोधावी लागतात.

शेवटच्या रात्री शेकोटी लवकर विझवली आणि काजवे आले. आधी झाडीच्या कडेला, मग पाण्यावर. भंडारदऱ्याला मृगाआधी एकेक झाड लखलखतं तसं नाही. इथे ते विखुरलेले, जमिनीपासून वर तरंगत जाणारे. टॉर्च लावू नका, डोळे सरावायला वीस मिनिटं द्या.

रविवारी सकाळी आवरताना जागेभोवती चक्कर मारून आधीच्या कुणीतरी टाकलेले डबे आणि फॉइलही उचलले, एक पिशवी भरली. आप्पांनी तंबूखालचं दबलेलं गवत काठीने उभं केलं आणि राखेत पुन्हा एकदा हात घालून पाहिला. मग नदीशी जाऊन ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि गाडीत येऊन बसले.