दंडाज्ञा नाही

आज उपासनेनंतर तरुण संघात बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय घेतला. एका पोराने सरळ विचारलं, "बाप्तिस्मा झाला, तरी राग का जात नाही?" पाळकसाहेब हसले. म्हणाले, पौलाचंही हेच गाऱ्हाणं होतं बाबा. मनात चांगलं करायचं असतं अन् हातून होतं भलतंच. मग ८ वा अध्याय उघडला: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना आता दंडाज्ञा (दोषी ठरवून शिक्षा) नाही.

मला हे पटतं. पापी स्वभाव एका रात्रीत जात नाही, त्याची आपल्यावरची मालकी मात्र संपते. आणि सार्वकालिक जीवन म्हणजे नुसता मेल्यावरचा स्वर्ग नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानातलं १७:३ वाचा, पित्याला आणि त्याने पाठवलेल्या येशूला ओळखणं हेच ते जीवन. म्हणजे आत्ताच सुरू! (आमच्या म्हाताऱ्या बायकांना हे आधीपासून ठाऊक असतं.)

पुढच्या रविवारी ६ वा अध्याय. या, चहा आहेच.